अळीची ओळखपरेड

कोल्हापुरात अनोळखी अळी सापडण्याचा हंगाम वळवाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसानंतर सुरू होतो आणि दिवाळीचा फराळ संपेपर्यंत चालतो. अळ्या तशा वर्षभर असतात. पण चैत्र-वैशाखात खाली वाकून काही बघण्याची कोणाची तयारी नसते. मृग लागला की कुंपणावर, कुंड्यांत, पार्किंगमधल्या स्कूटरच्या सीटवर, वाळत घातलेल्या टॉवेलवर आणि मग टॉवेल घेणाऱ्याच्या मानेवर त्या क्रमाने प्रकट होऊ लागतात. त्यांना ओळखणे ही स्वतंत्र विद्या आहे. शहरात या विद्येचे जाणकार किती, तर जितकी लोकसंख्या तितके.

अळी म्हणजे कीटकाचे बालपण. फुलपाखरू, पतंग, भुंगेरा, माशी, गांधीलमाशी या सगळ्यांचा जन्म अंडे, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार पायऱ्यांनी पुढे जातो, आणि पहिल्या तीन पायऱ्यांवर चौथीचा मागमूस लागत नाही. पोर आईवर गेले की बापावर, हे बारशाच्या दिवशीच ठरवून टाकणाऱ्या समाजाला ही गोष्ट जड जाते. इथे पोर दोघांवरही गेलेले नसते. त्यात ते वाढताना चार-पाच वेळा कात टाकते आणि दर वेळी रंगरूप बदलू शकते. म्हणजे सोमवारी ओळखलेली अळी गुरुवारी पुन्हा नव्याने ओळखावी लागते.

व्यवहारात ओळखपरेड तीन प्रश्नांनी होते. पहिला, "चावती काय?" दुसरा, "कशावर पडलीया?" तिसरा, "मारू काय?" यांतला तिसरा प्रश्न बहुधा मारून झाल्यावर विचारला जातो. त्यामुळे कोल्हापूरच्या कीटकसंपदेचा बराचसा पुरावा चपलांच्या तळाशी जमा आहे. त्यातही कापशी चप्पल वजनदार असल्याने तिच्याखालून निघालेल्या नमुन्याचे डोके कुठले आणि शेपूट कुठले एवढेही सांगता येत नाही. तरीही भोवती जमलेल्यांपैकी एक जण खाली वाकतो, बघतो आणि म्हणतो, "हां, ही ती. आमच्या गावाकडं लै असतात." "ती" म्हणजे कोण, हे कोणी विचारत नाही. गाव कुठले, हे मात्र विचारतात.

शास्त्रीय पद्धत पायांपासून सुरू होते. फुलपाखरे आणि पतंग यांच्या अळीला छातीपाशी सांधे असलेल्या खऱ्या पायांच्या तीन जोड्या असतात. पोटाखाली फांदी धरून ठेवणारे मांसल खोटे पाय असतात. त्यांच्या जोड्या फार तर पाच. उंट अळीला मधल्या काही जोड्या नसतात, म्हणून ती पाठीची कमान करत चालते. खोट्या पायांच्या सहा किंवा त्याहून जास्त जोड्या भरल्या तर ती अळी फुलपाखराचीही नाही आणि पतंगाचीही नाही. ती सॉफ्लाय नावाच्या, गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यातल्या कीटकाची. भुंगेऱ्याच्या अळीला खोटे पाय नसतात आणि माशीच्या अळीला कसलेच पाय नसतात. हे कोष्टक इतके सोपे आहे, की ते पाठ करायला पाच मिनिटे पुरतात. अडचण एवढीच, की अळीला स्वस्थ बसावे लागते, शक्यतो उताणे. आणि मोजणाऱ्याचा चष्मा त्या वेळी घरात नेमका कुठे आहे हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते.

"किती झालं?"

"हिकडनं आठ."

"आणि तिकडनं?"

"तिकडनं सहा."

"असं कसं?"

"लंगडी असंल."

मोहरीवर आणि मुळ्यावर पडणारी सॉफ्लायची काळपट अळी या मोजणीचा विशेष कंटाळा करते. हात लागला की ती अंगाची गुंडाळी करून पानावरून खाली पडते आणि मेल्याचे सोंग घेते. मुळ्याची भाजी निवडणारी बाई "मेली बाई" म्हणून पुढच्या जुडीला लागते, आणि मेलेली अळी ताटाच्या कडेवरून उतरून शांतपणे पोळपाटाच्या दिशेने निघते. पाय मोजायचे असतील तर हीच वेळ. पण त्या वेळी स्वयंपाकघरात मोजण्याच्या मनःस्थितीत कोणी उरलेले नसते.

अंगावर केस असतील तर मोजणी रद्द होते आणि पुढारी बदलतात. परसातल्या शेवग्याच्या बुंध्यावर पावसाळ्यात केसाळ सुरवंटांचा थर बसतो. दिवसा ते एकमेकांना चिकटून बुंध्यावर पडून असतात आणि रात्री वर चढून पाला खातात. ओळखायला यांच्याइतके सोपे काही नाही: शेवगा, बुंधा, थर. एवढी बिनचूक ओळख पटल्याचा आनंद माणसाला आवरत नाही. तो बांबूला चिंध्या गुंडाळतो, रॉकेल मिळेनासे झाल्याबद्दल सरकारला दोन शब्द ऐकवतो, शेजाऱ्याच्या गाडीतले डिझेल मागून आणतो आणि टेंभा पेटवून झाडाखाली उभा राहतो. वर बघत. तोंड उघडे ठेवून. सुरवंटाचे केस सुटून खाली येतात, हे त्याला नंतर कळते.

यानंतर ओळखण्याचे काम संपून उपचाराचे सुरू होते, आणि त्यात गल्लीचे एकमत होणे अशक्य. एका काकूंचे म्हणणे गोणपाटाने घासा. दुसऱ्या म्हणतात, चुना लावा. तिसऱ्यांचा भर कोकमाच्या आगळावर, चौथ्यांचा खोबरेलावर. आणि एक आजोबा, ज्यांना कोणी विचारलेले नसते, ते घोंगडीच कशी हवी हे सांगतात. घासल्याने केस कातडीत आणखी खोल रुततात. योग्य उपाय म्हणजे चिकटपट्टी त्या जागेवर हलक्या हाताने लावून उचलायची, म्हणजे केस तिच्याबरोबर निघतात. मग साबणाने धुवायचे आणि बर्फ लावायचा. पण चिकटपट्टी घरातल्या मुलाच्या कंपासपेटीत असते आणि कंपासपेटी शाळेत.

केसांऐवजी काटे असलेल्या अळीने 2022 च्या सप्टेंबरात साऱ्या महाराष्ट्राची झोप उडवली. ही चपटी, हिरवट, सरकत चालणारी आणि अंगावर काटेरी झुबक्यांच्या रांगा मिरवणारी अळी. तिला लोक घोणस अळी म्हणू लागले, आणि सापाचे नाव चिकटल्यावर पुढचे काम मोबाइलने केले. ही चावली की माणूस जागेवर जातो, असे मेसेज या तालुक्यातून त्या तालुक्यात जाऊ लागले. वस्तुस्थिती अशी, की ही अळी चावतच नाही. तिचे पोकळ काटे टोचतात, त्यातला दाहक द्रव कातडीत जातो, भयंकर आग होते आणि काही तासांत बहुतेकांची ओसरते. अंगावर गांधी उठल्या, धाप लागली तर डॉक्टर गाठावा लागतो, हे खरे. एरंड, आंबा, बांधावरचे गवत, ऊस असे बरेच काही तिला चालते, आणि ती त्या वर्षी कुठून नव्याने आलेली नव्हती. पतंगांच्या ज्या कुळातली ती आहे, ते कुळ बांधावर पूर्वीपासून नांदत आहे. पण कृषी शास्त्रज्ञांनी काढलेले खुलासे नीट, सावकाश आणि पूर्ण वाक्यांत लिहिलेले असल्यामुळे ते मेसेजच्या मागेच राहिले.

त्या महिन्यात अळी ओळखणे ही विद्या लोप पावली. कारण सगळ्याच अळ्या घोणस झाल्या. गवतावरची, गुलाबावरची, भिंतीवरची. एखाद्या शेतकऱ्याला उसात काही टोचले की घरचे त्याला आणि अळीला एकाच गाडीतून दवाखान्यात नेत. साप मारून बाटलीतून डॉक्टरांना दाखवण्याची जुनी रीत अळीलाही लागू झाली. दवाखान्यातले संभाषण साधारण असे:

"काय होतंय?"

"आग होतीया."

"आणि हे बाटलीत काय?"

"पुरावा."

कण्हेर किंवा तगर दारात असेल तर एक दिवस बोटभर लांबीची, हिरवीगार, गुबगुबीत अळी सापडते. तिच्या छातीवर निळसर-पांढरे दोन मोठे डोळे असतात आणि शेपटीकडे एक वाकडे शिंग. यातले डोळे खोटे आहेत. ते पक्ष्यांना घाबरवण्यासाठी. खरे डोके लहान असून ते पुढे खाली दडलेले असते. शिंग मऊ असते आणि त्याने कोणाला काही होत नाही. ही हॉक मॉथ कुळातल्या पतंगाची अळी. पक्षी घाबरतात की नाही ते असो, अपार्टमेंटचे सेक्रेटरी हमखास घाबरतात. "शिंग हाय म्हंजे नांगी हाय," हा त्यांचा सिद्धान्त, आणि तो ते वॉचमनला झाडू आणायला पाठवून सिद्ध करतात. गंमत म्हणजे कोष करण्याची वेळ आली की हीच अळी हिरवा रंग टाकून तपकिरी होते, झाड सोडते आणि मातीत शिरायला जागा शोधत फरशीवरून भटकते. त्यामुळे सोसायटीच्या नोंदीत कण्हेरीवरचा हिरवा किडा आणि पार्किंगमधला तपकिरी किडा असे दोन वेगळे धोके असतात, आणि दोहोंवर वेगवेगळ्या ठेकेदारांकडून फवारणी मागवलेली असते.

कढीपत्त्याचे प्रकरण याहून नाजूक. कढीपत्ता, लिंबू आणि बेल यांच्या पानांवर लिंबाळी आणि बहुरूपी या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. लिंबाच्या झाडावर राणी पाकोळीचीही अळी सापडते. हे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असून तो मान त्याला 2015 साली मिळाला. या अळ्या लहानपणी काळपट, मध्येच पांढरा डाग असलेल्या, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात. पक्षी स्वतःचीच विष्ठा खात नाही, या एका गृहीतावर त्यांचे सारे बालपण सुरक्षित उभे असते. शेवटच्या कातीनंतर त्या हिरव्या होतात. डिवचले तर डोक्यामागून तांबूस रंगाचा दुभंगलेला अवयव बाहेर काढतात आणि एक उग्र, आंबट वास सोडतात.

फोडणी तापलेली असताना कढीपत्ता खुडायला गेलेल्या माणसाने हे सगळे वाचलेले नसते. त्याला फक्त घाण दिसते. ती तो धुतो. धुतल्यावर ती चालू लागते. घरात मग दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, राज्य फुलपाखराची असू शकते, मारू नका. दुसरा पक्ष म्हणतो, राज्याची असू दे नाहीतर केंद्राची, माझा कढीपत्ता खाल्लाय तिने. बाल्यावस्थेत या तिघींत फरक करणे अनुभवी डोळ्यांनाही सहज जमत नाही. त्यामुळे पहिल्या पक्षाला संशयाचा फायदा मिळायला हवा. तो मिळत नाही. वरणाची वेळ झालेली असते.

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. रुईवर बिबळ्या कडवा या फुलपाखराची अळी राहते: पांढरे, काळे, पिवळे पट्टे आणि अंगातून निघालेल्या काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. रुईचा चीक विषारी. अळी तो पचवून अंगात साठवते आणि भडक रंगाने पक्ष्यांना तसे कळवतेही. इतकी ठळक अळी ओळखायला चुकणे कठीण, आणि माळवाल्या बायका कधी चुकत नाहीत. त्या तिचे नाव न विचारता पान झटकतात आणि माळ ओवत राहतात. चुकतात ते भक्त. माळेतून चुकून देवळात पोचलेली अळी शेंदरावर चढताना दिसली, की कोणी तिला चमत्कार म्हणतो, कोणी विटाळ. पुजारी मात्र ती चिमटीत धरून बाहेर सोडतात. त्यांना शनिवारचा अनुभव आहे.

काही अळ्या अळ्या वाटतच नाहीत आणि त्यामुळे वाचतात. पावसाळी घराच्या बाहेरच्या भिंतीवर, जिन्यात, गच्चीच्या कठड्यावर भोपळ्याच्या बीएवढी, चपटी, करड्या रंगाची, दोन्ही टोकांना निमुळती चीज चिकटलेली असते. रंगारी तिला गिलाव्याचा पोपडा समजतो. घरमालक रंगाऱ्याला. वास्तविक ती एका बारक्या पतंगाच्या अळीने वाळू, धूळ आणि रेशीम यांची बनवलेली पिशवी असून तिला दोन्हीकडे दारे असतात. अळी हव्या त्या दारातून डोके काढते आणि पिशवी ओढत भिंतीवर चालते. कोळिष्टके, लोकर, गळलेले केस हा तिचा आहार. घर झाडण्याचे काम फुकटात करणारी ही अळी घर झाडणाऱ्यांच्याच हातून मरते. बाभळीवर तिची मोठी नातलग काड्यांची झोळी घेऊन लोंबकळते. ती अळी आहे असे सांगितल्यावर शेतकरी ऐकून घेतात आणि विषय बदलतात.

आता माती. करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगले, कुठल्याही तालुक्यात उसाचे नाव काढले की हुमणीचे नाव निघते. पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची ही अळी उसाची मुळे खाते. वरून ऊस पिवळा पडतो आणि ओढला तर हातात येतो. तिचे भुंगेरे पहिल्या पावसांबरोबर संध्याकाळी जमिनीतून निघतात. कडुनिंब-बाभळीवर जमणारी हुमणी वेगळी आणि पंचगंगा, वारणा, कृष्णेच्या नदीकाठच्या जमिनीत वाढणारी वेगळी. दोन्ही दिसायला सारख्याच पांढऱ्या. भेद करायचा तर अळी उलटी धरून शेवटच्या कड्याच्या खालच्या बाजूचे केस भिंगातून बघावे लागतात. त्यांच्या ओळी कशा आहेत त्यावरून जात ठरते. हे वाक्य कृषी मेळाव्यात उच्चारले गेले तेव्हाची शांतता कल्पनेने समजून घ्यावी. हुमणीने दोन एकर ऊस खाल्लेल्या माणसाला तिच्या बुडाचे केस तपासायला सांगणे, हे कोणत्याही शास्त्राच्या धैर्याची परीक्षा पाहणारे आहे.

"आणि जात कळल्यावर काय करायचं, सायब?"

"भुंगेरे बाहेर पडण्याची वेळ आणि झाड यांचा अंदाज बांधता येतो. म्हणजे गोळा करणं सोपं."

"मग सगळ्याच झाडांवरचं गोळा करतो की. अळीचं ढुंगाण कशाला बघू?"

उत्तर तर्काला धरून आहे आणि ते पुस्तकात सापडत नाही.

उकिरड्यातली पांढरी अळी मात्र बहुतेक वेळा हुमणी नसते. शेणखत उपसताना निघालेले गलेलठ्ठ अवतार गेंडा भुंग्याचे असतात किंवा फुलांवर बसणाऱ्या चकचकीत भुंगेऱ्यांचे. या दुसऱ्यांची परीक्षा इतकी सुंदर आहे, की ती सगळ्यांनी करून पाहावी. अळी सपाट फरशीवर ठेवायची. ती तिथे पाय वर करून, पाठीवर, सरपटत निघाली तर ती फुलभुंगेऱ्याची; कुजलेले खाऊन खत बनवणारी आणि उसाला निरुपद्रवी. एका कुशीवर वाकून पडून राहिली तर हुमणीचा संशय धरावा. बैलगोठ्यासमोर चार जाणती माणसे उकिडवी बसून एका अळीला "चल की, चल" म्हणत आहेत, असे दृश्य पावसाळ्यात दिसले तर ते वेडेपण नव्हे. ते निदान आहे. दरम्यान नांगरामागून चाललेल्या बगळ्यांनी आणि साळुंक्यांनी ओळखण्याच्या भानगडीत न पडता निम्मे शेत साफ केलेले असते.

खरा अन्याय होतो तो मित्रांवर. मावा पडलेल्या पानावर एक काळपट, पिवळ्या-नारिंगी ठिपक्यांची, खरबरीत अंगाची, सहा पायांवर घाईने पळणारी अळी दिसते. ही ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्याची; आणि ती मावाच खायला आलेली असते. पण मावा बारीक आणि गरीब दिसतो, ही मोठी आणि गुंड दिसते. चोर सोडून हवालदाराला धरण्याची परंपरा असल्याने फवारणी हिच्यासाठी मागवली जाते. 2002 साली दक्षिण महाराष्ट्रातल्या उसावर लोकरी मावा पसरला तेव्हाही असेच झाले. पानांच्या खाली पांढऱ्या लोकरीचा थर, आणि त्या थरात जाळी विणून राहिलेली एक हिरवट अळी. मावा आधी, मागून ही अळी. शेतकऱ्याने कपाळावर हात मारला तर नवल नाही. ती होती डिफा, एका पतंगाची मांसाहारी अळी, लोकरी माव्यावरच जगणारी. मायक्रोमस नावाच्या दुसऱ्या एका कीटकाची अळीही त्याच कामावर होती. पुढे अशा अळ्या असलेली पाने कापून एका शेतातून दुसऱ्या शेतात मुद्दाम नेऊन सोडण्यात आली. ज्या माणसाने आयुष्यभर बांधावरून अळ्या हाकलल्या, तो आता पाहुण्याच्या शेतातून पिशवीभर अळ्या मागून आणू लागला आणि एस.टी.त पिशवी मांडीवर धरून बसू लागला.

राधानगरीच्या जंगलातल्या काजव्यांचे तर याहून अवघड. मे-जूनमध्ये पहिल्या सरींच्या सुमारास तिथे काजवे बघायला गर्दी उसळते. काजव्याची अळी जमिनीवर राहते, गोगलगायी खाते आणि तीही मंद उजळते. पण झाडावरच्या काजव्यांचा फोटो काढायला मागे मागे सरकणाऱ्या मंडळींच्या पायाखाली पुढच्या वर्षीचे काजवे असू शकतात, हे त्या अंधारात सांगणार कोण, आणि टॉर्च लावून सांगावे तर बाकीचे ओरडतात.

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी 2018 साली भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. डोक्यावर उलटा वाय आणि शेवटून दुसऱ्या कड्यावर चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची खूण. खूण सोपी असल्याचा तोटा असा, की शोधणाऱ्याला ती कुठेही सापडते. चार ठिपके कोणत्याही अळीवर कुठे ना कुठे असतात.

ओळख पटत नसेल तर सल्ला घ्यावा. सल्ल्याची ठिकाणे तीन. पहिले, खते-औषधांचे दुकान. तिथे अळी दाखवायची गरज नसते. दुकानदार विचारतो, "पीक कुठलं? किती एकर?" आणि दोन बाटल्या काउंटरवर ठेवतो. काडेपेटीतली अळी उघडून दाखवलीच, तर तो म्हणतो, "झाका ती, गिऱ्हाइकं हाईत." दुसरे ठिकाण, मोबाइल. अळीचा फोटो काढताना फरशी स्पष्ट येते आणि अळी पुसट, हा प्रकाशशास्त्राचा नियम असावा. फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला की पहिले उत्तर "छान", दुसरे "शुभ सकाळ", तिसरे चुकून दुसऱ्या बातमीला उद्देशून असलेले "भावपूर्ण श्रद्धांजली". आणि अळीचे त्या वेळेपर्यंत जे झालेले असते ते पाहता हेच उत्तर सर्वांत अचूक ठरते. ओळख सांगणारी ॲपही आहेत. ती अळीच्या जागी क्वचित गालिचा, ब्रश किंवा भरली भेंडी सुचवतात.

तिसरे ठिकाण, कीटकशास्त्राचा माणूस. कृषी महाविद्यालयात किंवा शिवाजी विद्यापीठात तो सापडतो आणि तो पहिला प्रश्न विचारतो, "कुठल्या झाडावर होती?" हा जगातला सर्वांत उपयुक्त प्रश्न आहे, कारण बहुतेक अळ्या ठरावीक झाडांवरच वाढतात आणि झाड कळले की उमेदवार शेकड्यांवरून चार-पाचांवर येतात. आणि याचेच उत्तर कोणाकडे नसते. "झाडावर नव्हती, टॉवेलवर होती." नमुना टिकवायचा तर अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकू नये, ती काळी पडते, आधी क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवावी, मग अल्कोहोलमध्ये ठेवावी, असेही तो सांगतो. चहाचे पातेले या कामी वापरल्याचे उघड झाल्यावर काही घरांत अभ्यास कायमचा बंद पडला आहे. अल्कोहोलला मात्र घरातल्या पुरुषांचा विरोध कधी आलेला नाही.

या सगळ्यावर उतारा एकच: अळी पाळावी. ज्या झाडावर सापडली त्याचीच ताजी पाने रोज घालावीत, डब्याला जाळी लावावी, विष्ठा काढावी, काही जातींसाठी तळाशी ओलसर माती ठेवावी आणि कोषातून काय निघते ते पाहावे. याच मार्गाने कोल्हापूरच्या दक्षिणेला घाटाखाली, कारवारात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीन ब्रिटिश अंमलदारांनी फुलपाखरांच्या अळ्यांची ओळख लावली. जेम्स डेव्हिडसन हा कलेक्टर, टी. आर. बेल हा जंगलखात्यातला, आणि ई. एच. एटकेन हा जकात व मिठाच्या खात्यातला. त्यांची उत्तर कानडा जिल्ह्याच्या फुलपाखरांवरची लेखमाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1896 च्या सुमारास आली. पुढे 1937 साली बेल आणि स्कॉट यांचा हॉक मॉथ पतंगांवरचा जाडजूड ग्रंथ निघाला. बेल नोकरी संपल्यावरही कारवारातच राहिला. साहेब अळ्या पाळतात, असे सरकारी कचेरीत अर्ज पडून राहण्याचे सत्कारणी कारण त्यानंतर फारसे कोणाला देता आलेले नाही.

आजच्या घरात हा प्रयोग उत्साहाने सुरू होतो. अळी आधी चिमूटभर खाते, मग झाडभर. घरचा कढीपत्ता संपला की शेजारचा सुरू होतो, तोही रात्री. "काकू, चार पानं घेऊ का?" हा प्रश्न आठवड्यात इतक्यांदा येतो, की काकूंना या घरात रोज मठ्ठा होतो असे वाटू लागते. मंडईतली जुडी आणली तर तिच्यावर फवारा असतो आणि अळी सकाळी काळी पडलेली दिसते. कोबी दिला तर ती उपोषण करते. डब्याचे झाकण एका रात्री उघडे राहते आणि दुसऱ्या दिवशी कोष देवघरातल्या तसबिरीमागे सापडतो. आता तसबीर हलवायची नाही, असा घरात ठराव होतो.

कधी कधी अळीच्या अंगावर एक दिवस पांढरे, तांदळाच्या कणीएवढे बरेच गोळे दिसतात. "अंडी घातली हिनं!" म्हणून पेढे वाटायची तयारी होते. अळी अंडी घालत नाही. तिच्या आत वाढलेल्या परजीवी बारक्या गांधीलमाश्यांच्या अळ्या बाहेर पडून त्यांनी विणलेले ते कोष असतात. त्यातून काही दिवसांनी डासाएवढे उडते प्राणी निघतात. ते ओळखण्यासाठी वेगळ्या तज्ज्ञाकडे जावे लागते, आणि तो पहिला प्रश्न विचारतो, "कुठल्या अळीतनं निघाले?"

सगळे सुरळीत झाले तर कोषातून प्रौढ निघतो. तो फुलपाखरू निघाला तर घरात फोटो आणि कौतुक. पण जगात फुलपाखरांपेक्षा पतंगांच्या जाती कितीतरी पटींनी जास्त. त्यामुळे संभव असा, की निघेल तो राखाडी. पंखांवर अंधूक रेघा, बाकी काही नाही. अशा राखाडी जातींचा निवाडा पुष्कळदा जननेंद्रिये काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय होत नाही. हे ऐकल्यावर आजी उठून आत जातात. पतंग दरम्यान डब्यातून सुटून ट्यूबलाइटवर बसलेला असतो. मुलगा स्टूल आणायला जातो, वडील मोबाइल शोधतात, आणि ट्यूबच्या मागून पाल निघते. तिला झाड, ऋतू, पायांच्या जोड्या यांतले काही विचारावे लागत नाही.

डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारीख, ठिकाण आणि "यजमान झाड : टॉवेल" एवढे लिहिलेले असते. नावाची ओळ कोरी असते. डबा धुऊन त्यात चकल्या भरतात.